कापसाच्या खोलीतली तालीम

आमच्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते ठरवायला आम्हाला दोन महिने लागले होते आणि त्यावरून एकदा कडाक्याचं भांडणही झालं होतं, एवढंच सांगतो. आता मी लग्नांना, सभांना, वाढदिवसांना साऊंड लावतो. कधी कोणीतरी स्टेजजवळ येऊन थबकतं आणि विचारतं, "तुम्ही त्या बँडमधले ना?" मी वायर गुंडाळत गुंडाळत "होतो" म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ती गाणारी मुलगी आता कुठे असते? त्याचं उत्तर मी देतो, पण माणसाकडे न बघता.

आम्ही तिघं होतो. मी बेस गिटार वाजवायचो. चार जाड तारांची ती गिटार वाजत होती हे लोकांना ती थांबल्यावरच कळतं, आणि माझ्या स्वभावाला ते मानवायचं. ड्रमवाला आर्वीचा. त्याच्या घरी भीमजयंतीच्या गाण्यांची पार्टी होती. वडील गायचे, काका पेटी धरायचे आणि हा शाळेत जायच्या आधीपासून ढोलकीवर होता. वर्ध्याच्या कॉलेजात गॅदरिंगला त्यानं पहिल्यांदा ड्रमसेट पाहिला आणि घाबरण्याऐवजी त्यावर ढोलकीच वाजवली. पुढे पुण्याकडची माणसं आमच्या तालाचं कौतुक करायची, त्यात काहीतरी वेगळं आहे म्हणायची, तेव्हा तो आमच्याकडे बघून डोळा मारायचा.

आणि ती. वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी, सावंगीला नर्सिंग शिकायची, होस्टेलवर राहायची. गाणी तीच लिहायची, लाकडी गिटार तीच वाजवायची. तिचा आवाज गोड नव्हता. वारा तोंडावर घेऊन शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी, तसा तो होता, पोचायचाच. तिची आई खरोखर तशी हाक मारते, हे मी वडनेरला गेलो तेव्हा ऐकलं. आमच्याकडे जे काही होतं ते त्या आवाजात होतं. ड्रमवाला आणि मी मेहनती होतो, पण आमच्यासारखे मेहनती वर्ध्यात आणखी दहा सापडले असते.

तालमीला जागा नव्हती. वर्ध्यात खोली घेतली, तर घरमालकानं तिसऱ्या दिवशी ड्रम जिन्यात आणून ठेवले. मग मी सगळ्यांना आमच्या गावी आणलं. आर्वीपासून पुढे, फाट्यावर उतरून थोडं चाललं की आमचं घर. ओसरीवर एक आठवडा वाजवलं. शेजारच्या काकू आईला येऊन म्हणाल्या, "बाई, आमची म्हैस पाना सोडत नाई वो." आईनं ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हशीची बाजू घेतली.

आमच्या घरात मागच्या अंगाला एक नवी स्लॅबची खोली आहे. मोठ्या भावाच्या लग्नासाठी बांधली, पण तो नोकरीला गेला आणि खोलीत कापूस राहायला आला. आमच्याकडे पुष्कळ घरांत हे असतं. वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत, दर चढायची वाट बघत घरातच भरून ठेवतात. दिवाळीनंतर खोली भरत जाते, संक्रांतीपर्यंत दाराला टेकते. मग त्या कापसामुळे घरातली माणसं अंग खाजवत हिंडतात, आई कडुनिंबाचा पाला घालून पाणी तापवते आणि बाबा रोज एकदा दार उघडून कापसाकडे बघून येतात.

एका दुपारी वैतागून आम्ही त्या खोलीत घुसलो. कापसाच्या ढिगात मधोमध जागा करून बसलो, दार ओढून घेतलं आणि वाजवलं. बाहेर आलो तर आई स्वयंपाकघरात निवांत भाजी चिरत होती. "झाली नाई का सुरू अजून तुमची?" तिनं विचारलं. आम्ही तिघंही अंगणात नाचलो. तीन बाजूंनी छातीपर्यंत कापूस, त्याच्या वर कापूस. त्या खोलीतून बाहेर काहीच जात नव्हतं. आम्हाला जगातली सगळ्यात चांगली जागा मिळाली होती आणि ती फुकट होती.

बाबांनी एकच अट घातली, पण ती कडक होती. "खोलीत लाइनची वायर नाई नेयाची. एक ठिणगी पडली तं घर जाते." त्यांचं बरोबर होतं, कापसाला लागलेली आग आमच्या गावानं पाहिलेली होती. म्हणून मी सेलवर चालणारा एक छोटा स्पीकर आणला. त्याला एकच पिन लागायची. बेस गिटारला स्पीकर नसला तर तिचा आवाजच येत नाही, तेव्हा ती पिन माझी झाली. ड्रमला काही लागत नाही. राहिला तिचा माईक. ती म्हणाली, "मी बिना माईकचीच बरी. माह्या आवाजाले कशाले पायजे माईक?" आम्ही हसलो. मलाही ते खरंच वाटलं, आणि सोयीचंही होतं.

तीन हंगाम आम्ही तसे वाजवत राहिलो. पेरणीपासून दिवाळीपर्यंत खोली रिकामी असायची, तेव्हा तालीम बंद. एक तर ती घुमायची, आणि म्हैस होतीच. कापूस आला की आम्ही आलो. बाकीचे बँड परीक्षा आणि सुट्ट्या बघून तालमी करत असतील, आमचं सगळं वर्ष कापसाच्या पऱ्हाटीवर चालायचं. रविवारी ती सावंगीहून वर्ध्याला, वर्ध्याहून आर्वीला एसटीनं यायची. पिशवीत एक जुना सलवार-कुर्ता, खोलीत घालायला. आई तिला येताजाता खाऊ घालायची. आम्ही कापसात मांडी घालून बसायचो, केसांत रुई, भुवयांवर रुई. ड्रमवाला जोर लावून वाजवायचा, कारण कापूस सगळं गिळायचा. त्याच्यावर माझा बेस. आणि त्या दोघांच्या वर तिचा नुसता गळा.

कापसात आवाज परत येत नाही. आता रोजच्या कामातून मला ते कळतं. माणूस गातो तेव्हा त्याला भिंतीकडून स्वतःचाच आवाज थोडा परत मिळतो, त्यावर त्याला कळतं की पुरेसं झालं. परत काहीच आलं नाही तर तो आणखी जोर लावतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की ती गाताना मानेची शीर फुगायची, आणि मला वाटायचं, काय जीव ओतून गाते पोरगी.

दुसऱ्या हंगामात तिनं आर्वीच्या डेपोवरचं गाणं लिहिलं. परतीच्या गाडीसाठी ती तासन् तास डेपोत बसायची आणि चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारायची, "लागली का गाडी?" गाण्यात तेवढंच होतं, एक मुलगी विचारते, गाडी लागली का, आणि खिडकीतून उत्तर येतं, येते न, बस. ते आम्ही कॉलेजच्या मैदानावर वाजवलं, कोणीतरी फोनवर घेतलं आणि ते आमच्या आधी गावोगाव पोचलं. भीमजयंतीच्या स्टेजवर आर्वीत लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. ड्रमवाल्याचे वडील, ज्यांना आमचा एकूण प्रकार पसंत नव्हता, ते खाली खुर्चीवर बसून मांडीवर ठेका धरत होते. नागपूर झालं, अमरावती झाली. मग पुण्याहून बोलावणं आलं. नव्या बँडचा मोठा मेळा, मोकळं मैदान, हजारो माणसं आणि संध्याकाळची वेळ. आम्ही वर्ध्यात चहाच्या टपरीवर तो निरोप पाच वेळा मोठ्यानं वाचला.

ते एप्रिलात होतं. आणि जानेवारीतच बाबांनी कापूस काढायचं ठरवलं.

व्यापारी येऊन बघून गेला होता. मला धसकाच बसला. कापूस गेला म्हणजे खोली गेली, आणि पुण्याची तयारी व्हायची होती. त्या रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं, फोनवर सगळीकडे येतंय की भाव चढणार आहे, थोडं थांबा. असं कुठेही येत नव्हतं. मी शोधलंही नव्हतं.

बाबांनी घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "काऊन रे, तुले कापसाचं कधीपासून कळाले लागलं?" म्हणाले. पण खूश झाले होते. मुलानं पहिल्यांदा शेतीत लक्ष घातलं म्हणून खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं आणि पारावर चार जणांना कारणही सांगून आले. भाव चढला नाही. पुढे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या खोटेपणाची लाज मला आजही आहे, पण माझ्या हातून झालेल्यांत ती लहान गोष्ट आहे.

फेब्रुवारीपासून आम्ही आठवड्यातून तीन दिवस वाजवायला लागलो. तिची ड्यूटी असायची, तरी ती यायची. मधे मधे खाकरायची. "घशात रुई गेली असन," म्हणायची. आई तिला गरम पाण्यात हळद द्यायची, मीठ द्यायची. आम्ही सगळेच खोकत होतो, त्यामुळे तिचा खोकला वेगळा दिसला नाही.

मार्च संपता संपता बाबांचा धीर सुटला. ट्रॅक्टरची ट्रॉली आली, माणसं आली आणि दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. फरशी दिसली, भिंतीचा निळा रंग दिसला. तालमीचा दिवस होता. ड्रमवाला सरकारी नोकरीचा पेपर द्यायला नागपूरला गेला होता, त्यामुळे आम्ही दोघंच. ती म्हणाली, "चाल, आज मोकळ्या खोलीत घेऊ." मी बेस जोडला, तिनं गिटार घेतली आणि डेपोचं गाणं सुरू केलं.

ते मी विसरू शकत नाही. भिंतींनी तिचा आवाज जसाच्या तसा आमच्यापुढे आणून ठेवला. वरच्या सुरात तो फाटत होता. एका सुराच्या जागी दोन निघत होते, आणि मधे नुसती हवा. शब्दाच्या सुरुवातीला आवाज लागायलाच उशीर होत होता. हे आजचं नव्हतं, हे लगेच कळत होतं. आम्ही किती महिने काय ऐकत होतो कुणास ठाऊक.

मी बेस खाली ठेवला. ती थांबली. माझ्याकडे बघितलं तिनं.

मला तेव्हा एक वाक्य म्हणायचं होतं. तुझा आवाज बिघडलाय, दाखवून घे, पुणं राहू दे. पुणं दोन आठवड्यांवर होतं. मी म्हणालो, "खोली लय घुमून राह्यली. काई समजत नाई यात. चाल, चहा घेऊ."

"घुमूनच राह्यली," ती म्हणाली.

चहा घेऊन ती गाडीला गेली. मी तिला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत आम्ही पुण्याला जाताना बर्थ कुठले मिळाले आहेत, त्याबद्दल बोललो. घरी येऊन मी स्वतःला समजावलं की रिकाम्या खोलीत सगळ्यांचाच आवाज तसा येतो. मी स्वतःला ते इतकं नीट समजावलं की झोपही लागली.

पुण्याचं स्टेज एवढं मोठं होतं की आमचं सामान त्यावर ठेवल्यावर ते कोणाचं तरी विसरून राहिलेलं वाटत होतं. पहिली दोन गाणी झाली. लोक ऐकत होते, ऐकत होते म्हणजे खरोखर ऐकत होते. तिसरं डेपोचं. दुसऱ्या कडव्यात वर जाण्याची जागा येते, तिथे ती गेली आणि आवाज बंद झाला. फाटला नाही, बसला नाही, नव्हताच. तिचे ओठ हलत होते. समोरच्या लोकांना वाटलं माईक गेला. काळा शर्ट घातलेला एक माणूस धावत आला, त्यानं तिच्या हातात दुसरा माईक दिला आणि तो चालतो का बघायला स्वतः त्यात "हॅलो" म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या मैदानभर गेला. तेव्हा लोकांना कळलं.

ड्रमवाला वाजवत राहिला. मीही वाजवत राहिलो, कारण हात थांबवायचे कसे तेच सुचेना. तिनं गिटार उतरवली, नीट स्टँडला लावली आणि चालत निघून गेली.

सावंगीला डॉक्टर बाईंनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूत रक्त उतरलं होतं. त्याखालची सूज जुनी होती, महिन्यांची. "हे एका कार्यक्रमानं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माईकशिवाय प्रॅक्टिस करायचात का?" मी त्या खोलीत उभा होतो. तिनं वहीवर लिहिलं, "कधी कधी." आणि वही माझ्याकडे वळवली नाही.

तिला पुष्कळ दिवस बोलायला बंदी होती. मग व्यायाम, मग पुन्हा तपासणी. आवाज आला, पण निम्मा आला. बोलण्यापुरता, खालचा, जरा घोगरा. वरचा भाग परत आलाच नाही. मधे पुण्याहून एक-दोघांचे फोन आले, दुसरी गाणारी बघा, गाणी चांगली आहेत. तीही म्हणाली, थांबू नका. आम्ही नागपूरची एक मुलगी घेऊन दोन कार्यक्रम केले. ती मुलगी सुरात गायची, चूक काहीच नव्हती. दुसऱ्या कार्यक्रमानंतर ड्रमवाल्यानं ड्रम बांधले आणि म्हणाला, "माह्याच्यानं नाई होत." नोकरीच्या त्या पेपरात तो पास झाला होता, आता तो तहसीलमध्ये आहे. भीमजयंतीला ढोलकी वाजवतो, आणि ती ऐकण्यासारखी असते.

मी साऊंडच्या धंद्यात शिरलो. कोणी विचारलं तर आवड म्हणून सांगतो. खरं म्हणजे माईकसमोर माणूस बोलायला उभा राहिला की मी आधी त्याचा गळा ऐकतो. घसा बसलेला असला तर आवाज वाढवून देतो, म्हणजे त्याला ओढावं लागत नाही. कार्यक्रम संपल्यावर त्याला जाऊन सांगतो की दाखवून घ्या. लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

यंदा संक्रांतीच्या सुमारास ती घरी आली. लग्नाची पत्रिका द्यायला. वॉर्डात सिस्टर आहे आता. आईनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली, बाबांनी मुलगा काय करतो, शेती किती, सगळं विचारून घेतलं. ती त्या खालच्या आवाजात उत्तरं देत होती आणि बाबा पुढे वाकून ऐकत होते. मग ती मला म्हणाली, "कापूस भरला का यंदा? पाहू दे न."

खोली भरलेली होती. आम्ही आत गेलो, तिनं सवयीनं दार ओढून घेतलं, आणि जिथे बसायची तिथे जाऊन बसली. नवी साडी होती, तरी बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार न."

"कापूस नेला त्या दिवशी तू बेस खाली ठेवला होता."

"तार उतरली होती."

"तार उतरली असती तं तू पिळली असती. तू ठेवला अन् भिताडाकडे पाहून राह्यला. मले तवाच समजलं, तुले आयकू आलं म्हणून. मले बी आलं होतं."

मी म्हणालो, "मंग तू काऊन नाई बोलली?"

"मी कशी बोलू? तुमचं दोघांचं बी होतं न पुणं. मी माघार घेतली असं झालं असतं." तिनं पदरावरची रुई एक एक करून उचलली. "मी वाट पाहून राह्यली होती. चहा होईपर्यंत पाह्यली, फाट्यापर्यंत पाह्यली. तू म्हणशीन म्हणून. तू एकदा म्हटलं असतं तं मी थांबली असती."

ती रागानं बोलली नाही. चार वर्षं ते तिच्याकडे होतं आणि लग्नाआधी तिला ते देऊन टाकायचं होतं, एवढंच. मला माफी मागायची होती. शब्द जुळत होते, पण मी बोललो नाही. याही वेळी नाही बोललो.

आम्ही बाहेर आलो तर चहा निवून गेला होता. आई वैतागून म्हणाली, "किती हाका मारल्या तुमाले, आयकू नाई आल्या का?"